हायब्रिडचे पावसाळी मायलेज आणि बॅटरीवरचा नाहक ठपका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात वाहनांची निगा कशी राखावी, याविषयी आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख उपयुक्त होता; वायपरचे रबर आणि ब्रेक यांविषयी त्यात सांगितलेल्या गोष्टी प्रत्येकाने जपून ठेवाव्यात अशाच आहेत. मात्र त्याच लेखात हायब्रिड गाड्यांबद्दल, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवर चालणारी विजेची मोटर असलेल्या गाड्यांबद्दल, एक विधान ओझरते येऊन गेले. दमट हवेत या गाड्यांची बॅटरी मंदावते आणि म्हणून पावसाळ्यात त्यांचे मायलेज घसरते, असा त्याचा आशय होता. मायलेज घसरते हे खरे आहे, पण दिलेले कारण बरोबर नाही, आणि कारण चुकले की माणूस खर्चही भलत्याच ठिकाणी करतो. आमच्या शेजारचे एक गृहस्थ तो लेख वाचून दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले, बॅटरीची तपासणी करवून घेतली, ‘बॅटरी उत्तम आहे’ असा शेरा आणि बिल घेऊन परतले, आणि गाडीचे ॲव्हरेज होते तिथेच राहिले. हे पत्र लिहिण्यास तो प्रसंग निमित्त झाला.

मी तंत्रनिकेतनात तीस वर्षे यंत्र अभियांत्रिकी शिकवून निवृत्त झालो असून चिपळूणला राहतो. २०२३ मध्ये पंधराशे सीसीची एक हायब्रिड गाडी घेतली, आणि पहिल्या टाकीपासून एका रेघी वहीत प्रत्येक वेळी भरलेले लिटर, मीटरवरील किलोमीटर आणि त्या दिवसांतले हवामान लिहून ठेवण्याची सवय लावून घेतली. पेट्रोल शक्यतो एकाच पंपावर, नोझल आपोआप थांबेपर्यंतच भरतो, कारण समोरच्या पडद्यावर दिसणारी सरासरी ही गाडीने स्वतःला दिलेली गुणपत्रिका असते आणि ती थोडी सढळ हाताने दिलेली असते. या वहीवरून घरातली मुले माझी थट्टा करतात, ते असो. तिच्यात दरवर्षी एकच गोष्ट दिसते: डिसेंबर-जानेवारीत लिटरला चोवीसच्या आसपास असणारा आकडा जुलैत एकवीस-साडेएकवीसवर येतो.

अडीच-तीन किलोमीटरची ही घट पाहून कोणीही चरकेल. त्यातून मित्राची साधी पेट्रोल गाडी उन्हाळ्यात बारा आणि पावसाळ्यात साडेअकरा देत असेल, तर हायब्रिडला पाऊस सोसत नाही असा निष्कर्ष काढायला तो मोकळाच होतो. इथे दोष पाहणाऱ्याचा नाही, लिटरमागे किलोमीटर मोजण्याच्या आपल्या पद्धतीचा आहे. हाच हिशेब शंभर किलोमीटरला किती लिटर लागले असा उलटा मांडून पाहावा. लिटरला बारा देणारी गाडी शंभर किलोमीटरला ८.३३ लिटर पेट्रोल घेते. पावसामुळे त्यात अर्ध्या लिटरची भर पडली तर ती ८.८३ लिटर घेईल, म्हणजे लिटरला ११.३ देईल. लिटरला चोवीस देणारी हायब्रिड ४.१७ लिटर घेते. त्याच अर्ध्या लिटरने तिचा खर्च ४.६७ होतो आणि मायलेज २१.४ वर उतरते. पावसाने दोघांच्याही खिशातून तेवढेच पेट्रोल काढले, पण एकाचा आकडा सातशे मीटरने घटला आणि दुसऱ्याचा अडीच किलोमीटरहून अधिक. मुळात जो काटकसरीने खातो, त्याच्या ताटातला एक जादा घास लगेच डोळ्यांत भरतो. आता हे अर्धा लिटर पेट्रोल जाते कुठे, एवढाच प्रश्न राहतो.

त्याचा मोठा हिस्सा टायरखाली जातो. ओल्या रस्त्यावरून जाताना टायरला आधी वाटेतले पाणी बाजूला सारावे लागते, तेव्हा कुठे रबर डांबराला टेकते. हा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. टायरची जमिनीला टेकणारी रुंदी अठरा सेंटिमीटर धरली आणि रस्त्यावर एक मिलिमीटर पाणी साचले आहे असे मानले, तर एक किलोमीटर जाताना एका टायरच्या वाटेत १८० लिटर पाणी येते. पुढच्या दोन चाकांचे मिळून ते ३६० लिटर होते. मागची चाके बहुतांशी त्याच पट्ट्यावरून जात असल्याने त्यांचे काम पुष्कळ हलके झालेले असते. चिपळूण ते कराड हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. तेवढ्या प्रवासात पुढच्या टायरांसमोर ३६ हजार लिटर पाणी येते, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर आपण चाकांनी रस्त्याच्या कडेला लोटत नेतो. प्रत्यक्षात पाण्याचा थर सगळीकडे सारखा नसतो, काही पाणी डांबराच्या खडबडीतपणात आणि टायरच्या खाचांत सामावते, हे मला मान्य आहे. परंतु कामाचा अंदाज येण्यापुरता हा आकडा पुरेसा आहे.

यात वेगाचा वाटा ध्यानात घेण्यासारखा आहे. किलोमीटरमागे सारायचे पाणी वेग कितीही असला तरी तेवढेच असते, पण ते किती जोराने फेकले जाते हे वेगावर ठरते, आणि फेकण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० किलोमीटर वेगाला पुढची चाके दर सेकंदाला सुमारे आठ लिटर, म्हणजे अर्धी बादली पाणी उडवीत असतात. चाळीसच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला हा खर्च फारसा जाणवत नाही. म्हणूनच शहरातल्या संथ रहदारीत पावसाने हायब्रिडचे फार नुकसान होत नाही, आणि चौपदरी महामार्गावर भर पावसात नेहमीचा वेग राखणाऱ्याचे मात्र होते. सुरक्षिततेसाठी वेग कमी करावा हे सगळेच सांगतात. पेट्रोलचा हिशेबही तेच सांगतो. टायरच्या खाचांची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर असावी लागते, परंतु कोकणात इतक्या झिजलेल्या टायरवर पावसाळा काढणे हे मी तरी शहाणपणाचे समजत नाही.

पाणी सारण्याखेरीज आणखी एक गोष्ट घडते, आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. टायर फिरताना रबर सतत दबते आणि पूर्ववत होते, त्यात ऊर्जा खर्च होते. टायर तापला की हा खर्च कमी होतो. कोरड्या दिवशी अर्धा तास गाडी चालली की टायर चांगला कोमट होतो. पावसात रस्त्यावरचे पाणी त्याची उष्णता सतत शोषून घेते, त्यामुळे तो तापतच नाही आणि पूर्ण प्रवास जणू थंड टायरवरच होतो. शिवाय तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की टायरमधील हवेचा दाब साधारण एक पीएसआयने घटतो. मे महिन्यात भरलेली हवा जुलैत पुन्हा तपासली नाही, तर कमी दाबाचा भुर्दंड वेगळाच बसतो. हा खर्च सगळ्याच गाड्यांना भरावा लागतो. हायब्रिडमध्ये तो दिसून येतो इतकेच.

खास हायब्रिडची म्हणावी अशी गोष्ट काचेवर घडते. चिपळूण-कराड वाटेवरच्या कुंभार्ली घाटात जुलै महिन्यात बाहेर ढग उतरलेले असतात, गाडीत चार माणसे, ओल्या छत्र्या, पायपुसण्यावर चिखल आणि सगळ्या काचा बंद. बसलेला माणूस नुसत्या श्वासातून आणि त्वचेतून तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम बाष्प सोडतो. ते बाष्प थंड काचेवर जमते आणि समोरचे वळण दिसेनासे होते. मग चालक काच साफ करण्याचे बटण दाबतो. बऱ्याच गाड्यांत हे बटण दाबले की एसीचा कॉम्प्रेसर आपोआप चालू होतो, कारण हवा गार होताना तिच्यातले पाणी गळून जाते आणि कोरडी हवा काच स्वच्छ करते. इथपर्यंत ठीक आहे. परंतु गारठा वाटतो म्हणून सोबतच तापमानाचे चक्र उष्णतेकडे फिरवले जाते, आणि तिथे हायब्रिडचे गणित बिघडते.

साध्या गाडीत इंजिन सदैव चालू असते, त्यामुळे त्याची वाया जाणारी उष्णता आत सोडायला वेगळा खर्च पडत नाही. हायब्रिडची सारी काटकसर इंजिन बंद ठेवण्यावर उभी आहे. आपण उष्ण हवा मागितली आणि इंजिनभोवतीचे पाणी ठरावीक तापमानाखाली गेले, की गाडी ती उष्णता मिळवण्यासाठी इंजिन सुरू करते, मग बॅटरी भरलेली असो वा नसो, गाडी उभी असो वा चालती. गेल्या वर्षी घाटात एक ट्रक आडवा झाल्याने आम्ही पाऊण तास एकाच जागी उभे होतो. पडद्यावर बॅटरी बऱ्यापैकी भरलेली दिसत होती, तरी इंजिन पुनःपुन्हा सुरू होई. पत्नीने वैतागून विचारले, ‘‘अहो, ही गाडी विजेवर चालते ना, मग उभ्या उभ्या पेट्रोल का जाळते आहे?’’ मी तापमानाचे चक्र डावीकडे, गार हवेच्या बाजूला फिरवले, पंखा एका घराने वाढवला आणि आतलीच हवा फिरवत ठेवणारे बटण बंद करून बाहेरची हवा आत घेतली. मिनिटाभरात इंजिन थांबले. काच तर आधीपेक्षा लवकर स्वच्छ झाली, कारण आतल्या आत फिरणाऱ्या हवेत आमचेच बाष्प पुन्हा पुन्हा फिरत होते. अर्थात त्यासाठी स्वेटर घालावा लागला.

एसीचा कॉम्प्रेसर या गाड्यांत विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही गारवा मिळतो, पण ती वीज शेवटी पेट्रोलमधूनच येते. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या जुळ्या गाड्यांच्या हायब्रिड आवृत्तीत बॅटरीची क्षमता ०.७६ किलोवॉट-तास आहे. घरगुती भाषेत सांगायचे तर पाऊण युनिट. बॅटरी दीर्घकाळ टिकावी म्हणून गाडी ती पूर्ण भरत नाही आणि पूर्ण रिकामीही करत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात वापरायला मिळते ती त्यातील साधारण तिसरा हिस्सा ते निम्मी. एसी, पंखा, वायपर, दिवे आणि मागच्या काचेची तापणारी तार मिळून किलोवॉटभर भार झाला, तर उभ्या गाडीत ही शिदोरी पंधरा-वीस मिनिटांत संपते आणि इंजिनाला उठावे लागते. मे महिन्याच्या उकाड्यातही एसीचा भार मोठाच असतो, म्हणून पावसाळ्याची तुलना मेशी केली तर फरक कमी दिसतो आणि डिसेंबरशी केली तर जास्त. माझ्या वहीत नेमके हेच दिसते.

घाटाविषयीचा एक गैरसमजही यात मिसळला जातो. घाट उतरताना चाके मोटरला फिरवतात, तिच्यातून वीज तयार होते आणि बॅटरी भरते; पावसात ती नीट भरत नाही, असे पुष्कळजण म्हणतात. कुंभार्ली घाटात सुमारे सहाशे मीटरचा उतार आहे, आणि माणसांसह दीड हजार किलोची गाडी तेवढी खाली येताना जवळजवळ अडीच युनिट ऊर्जा मोकळी करते. घर्षणात काही गेली तरी उरलेली साठवायला जागा असते ती जेमतेम पाव-अर्ध्या युनिटची. त्यामुळे बॅटरी पहिल्या काही वळणांतच भरते, आणि पुढे गाडी इंजिनालाच हवेच्या पंपासारखे फिरवून वेग आवरते. तेव्हा येणारा घरघराट ऐकून काहींना इंजिन बिघडल्यासारखे वाटते. हे कोरड्या दिवशीही असेच घडते. पावसाने फरक पडतो तो इतकाच, की निसरड्या जागी पुढचे चाक घसरू लागले तर चाक न अडकू देणारी यंत्रणा पुढाकार घेते आणि वीज परत मिळवणारा ब्रेक सोडून साधा ब्रेक वापरते. असे प्रसंग थोडे असतात. उलट पावसात आपण लांबून, हलक्या पायाने ब्रेक दाबतो, आणि अशा सावकाश ब्रेकमधून बॅटरीत जास्त वीज परत जाते. त्यामुळे या एका बाबतीत पाऊस आणि हायब्रिड यांचे बरे जमते, असे माझे मत आहे.

आता बॅटरीविषयी. ती मोहोरबंद डब्यात, बहुधा मागच्या बाजूला असते, आणि पावसाच्या दमट हवेने तिची क्षमता कमी होत नाही. जपायचे असेल तर अनेक हायब्रिड गाड्यांत मागच्या आसनाजवळ असलेली हवा आत घेणारी जाळी जपावी. भिजलेले रेनकोट आणि पिशव्या तिच्यावर टाकल्या की बॅटरीला गार हवा मिळत नाही, आणि तापलेल्या बॅटरीचा वापर गाडी स्वतःहून आवरता घेते. पुराची गोष्ट पूर्णपणे निराळी आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि उभ्या गाड्या बुडाल्या, ते ज्याने पाहिले आहे त्याला मी काही वेगळे सांगायला नको. पाण्यात बुडालेली कोणतीही गाडी, आणि उच्च दाबाची वीज असलेली तर मुळीच, स्वतः सुरू करून पाहू नये. पण पावसात भिजणे आणि पुरात बुडणे या दोन गोष्टी एकाच वाक्यात आल्या की वाचकाची फसगत होते.

मायलेज घटण्याची आणखी दोन कारणे आहेत, आणि त्यांचा गाडीशी फारसा संबंध नाही. एक म्हणजे आपण स्वतः. एरवी भाजी आणायला मी स्कूटर काढतो. पावसाळ्यात त्याच दीड किलोमीटरसाठी गाडी निघते. हायब्रिड थंड असताना सुरू केली की धुराड्यातील, धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक तापवण्यासाठी इंजिन काही काळ चालतेच, आणि ते तापेपर्यंत बाजार आलेला असतो. अशा आठ-दहा फेऱ्यांनी टाकीची सरासरी खाली ओढली जाते. दुसरे कारण वाऱ्याचे. नैर्ऋत्येचा वारा समोरून ताशी वीस किलोमीटरने येत असेल, तर साठच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला हवेचा विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो. परतीच्या वाटेवर तोच वारा मदत करतो, पण नुकसान भरून निघेल इतकी नाही. आणि जे लोक गेल्या पावसाळ्याच्या आकड्याची तुलना गाडी नवी असतानाच्या हिवाळ्याशी करतात, त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की २०२५ पासून पंपावर मिळते ते बहुतांशी वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या मानाने या मिश्रणात सहा-सात टक्के कमी. तो वाटा पावसाच्या नावावर टाकू नये.

राहता राहिला जाहिरातीतला आकडा. वर उल्लेखिलेल्या जुळ्या गाड्या २०२२ मध्ये बाजारात आल्या तेव्हा त्यांचे मायलेज लिटरला २७.९७ किलोमीटर असल्याचे जाहीर झाले, आणि पावसाळ्यात ज्याला एकवीस मिळतात त्याच्या मनात हाच आकडा असतो. असे आकडे पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेसारख्या मान्यताप्राप्त संस्थांत ठरलेल्या पद्धतीने काढले जातात आणि त्या पद्धतीत लबाडी नाही. गाडी बंद प्रयोगशाळेत जागच्या जागी फिरणाऱ्या रुळांवर (रोलरवर), ठरवून दिलेल्या वेगांच्या क्रमाने चालवली जाते. त्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. रुळांनी गाडीला किती विरोध करायचा हे आधी कोरड्या रस्त्यावर गाडी मोकळी सोडून मोजलेले असते. म्हणजे या आकड्याच्या जन्मापासून शेवटपर्यंत पावसाचा एक थेंबही त्याला शिवलेला नसतो. निरनिराळ्या गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला असा कोरडा आकडा आवश्यकच आहे. मात्र ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथल्या ग्राहकाला त्यासोबत ओल्या रस्त्याचा आणि चालू एसीचा असा दुसरा, पूरक आकडा मिळायला काय हरकत आहे, हे मला कळत नाही. ओल्या रस्त्यावरील टायरची पकड मोजण्याच्या प्रमाणित चाचण्या आज अस्तित्वात आहेत. त्याच धर्तीवर ओल्या रस्त्याचा विरोध मोजणे अवघड जाऊ नये.

आपल्या दैनिकाकडून मात्र माझी अपेक्षा याहून लहान आहे. वाहनांच्या पानावर आपण प्रत्येक गाडीचे मायलेज छापता, त्याच ओळीत शंभर किलोमीटरला लागणारे लिटरही छापावेत, २७.९७ च्या शेजारी ३.५८ एवढेच. वाचकांना दोन-चार आठवडे विचित्र वाटेल, नंतर सवय होईल. माझ्या वहीतील पावसाळी महिन्यांची पाने आपल्या वाहनविषयक लेखकांना पडताळून पाहायची असतील, तर त्यांच्या प्रती पाठवून देईन. दोन ठिकाणी चहाचे डाग आहेत, पण आकडे वाचता येतात.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अध्यापक, चिपळूण